शुक्रवारचं प्रस्थान

मी सूर्याला पश्चिमेकडून वर चढताना पाहिलं आहे. ढगाआडून बाहेर आला वगैरे नव्हे. मावळता सूर्य, खालची कड पाण्याला लागलेली, तिथून उलटा फिरला, चढत चढत डोक्यावर आला आणि पलीकडे उतरून सकाळच्या जागी जाऊन बसला. यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, हे मला ठाऊक आहे. आमच्या वेंगुर्ल्यातही कुणी ठेवत नाही. एस.टी.त कंडक्टर असताना आंबोलीच्या घाटात मी एका बिबट्याला अर्धं तिकीट फाडून दिलं होतं, ते सगळ्यांना पटलं. उलट पुरं का नाही फाडलं, यावर वाद झाला. आणि सूर्याचं हे डोळ्यांनी बघितलेलं सांगायला लागलो, की लोक भिंतीवरच्या माझ्या बायकोच्या फोटोकडे बघून उसासा टाकतात.

परवा शनिवारी दुपारी ओसरीवर सांगितलं, तसंच इथे सांगतो. ऐकायला बरीच मंडळी होती, पण त्यांतली दोनच ध्यानात ठेवा. एक सबनीस मास्तर. देशावरून इथे बदलून आले, जन्मभर भूगोल शिकवला आणि इथेच राहिले. कशावरही विश्वास न ठेवणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. दुसरी हेमांगी आरोलकर, माझी शेजारीण. ती मला उल्हासभाऊ म्हणते, याला माझा इलाज नाही.

आमच्या बंदरावरून जे खडक दिसतात, त्यांच्याही पलीकडे समुद्रात एक तरंगता तळ बांधलेला आहे. तिथून जे विमान उडतं त्याचं सरकारी नाव लांबलचक आणि संस्कृत आहे. आम्ही त्याला बेडूक म्हणतो, कारण ते उड्या मारत जातं.

साधं विमान हवेत पोहत जातं. पण जी हवा त्याला उचलते तीच त्याला अडवते, आणि फार जोरात गेलं तर घासून भाजून काढते. बेडूक सुरुवातीलाच जीव खाऊन साठ किलोमीटर वर जातो. तिथे हवा जवळजवळ संपलेली असते. मग इंजिन बंद. नुसत्या वेगावर खाली येतो, खालच्या दाट हवेवर पोट टेकवतो, तिथे इंजिन त्याला एक ढकल देतं आणि तो परत वर उसळतो. तळ्यात चपटा दगड तिरका मारला की बुडण्याआधी टप्पे घेत जातो ना, तसं. ही कल्पना जुनीच होती म्हणे. घोडं अडलं होतं ते कातडीवर. दर टप्प्याला पोट इतकं तापायचं, की कुठला धातू टिकेना. तोडगा निघाला तो माठासारखा. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून आतलं पाणी गार राहतं. बेडकाच्या पोटाला भाजक्या मातीची कातडी आहे, तिला डोळ्यांना न दिसणारी भोकं आहेत आणि हवेला टेकला की त्याला घाम फुटतो. मास्तरांनी 'भाजकी माती' या शब्दाला हरकत घेतली. माठाला घेतली नाही.

आता अंतर ऐका. वेंगुर्ल्याहून चिली देशातलं अंतोफगास्ता सोळा हजार किलोमीटर. पूर्वी विमानं बदलत, बाकांवर मान टाकत, तीस-बत्तीस तास लागायचे. बेडकाला पन्नास मिनिटं. आमच्या एस.टी.ला सावंतवाडी गाठायला याहून जास्त लागतात, आणि वाटेत म्हैस बसली असेल तर विचारूच नका.

अंतोफगास्ता हे नाव आमच्या गावात पोरासोरांना पाठ आहे, कारण तिथे हेमांगीची मुलगी असते, मृण्मयी. तिथल्या वाळवंटात मोठमोठ्या दुर्बिणी आहेत, त्यांचे आरसे ती सांभाळते. हजारो वर्षं प्रवास करून आलेला उजेड त्या आरशांत पडतो. हेमांगी एकदा म्हणाली होती, लांबचं सगळं दिसतं तिला, जवळच्यालाच चष्मा लागतो.

मास्तरांचं एक आवडतं वाक्य आहे. पृथ्वीवरच्या कुठल्याही दोन गावांत वीस हजार किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असूच शकत नाही. त्याच्या पुढे गेलात की गोल फिरून परत जवळ यायला लागता. हेमांगीनं हे ऐकलं त्या दिवशी बराच वेळ हिशेब केला आणि म्हणाली, "म्हणजे चेडू आणखी चार हजार पुढे गेला असता, तर माघारी येऊक लागला असता." मग हसली. चेडू म्हणजे आमच्याकडे मुलगी.

बत्तीस तासांच्या काळात मृण्मयी तीन-तीन वर्षांनी यायची. पण आली की दोन महिने हलायची नाही. बत्तीस तास बसून दोन दिवसांसाठी कोण येतं? ते दोन महिने शेजारून मायलेकींच्या भांडणाचे आवाज यायचे. आमटीत मीठ कमी, पंखा कुणी बंद केला, हा टॉवेल कुणाचा. मी मुद्दाम खिडकी उघडी ठेवायचो. आमच्या आळीला तेव्हा सणासारखं वाटायचं.

मग बेडूक सुरू झाला. हेमांगीनं घरोघर पेढे वाटले. आता काय, लेक शेजारच्या गावात दिल्यासारखी झाली. मृण्मयी पहिल्याच महिन्यात आली. शनिवारी सकाळी उतरली, दिवसभर झोपली, रविवारी बांगड्याचं तिखलं जेवली आणि संध्याकाळच्या बेडकानं गेली. भांडायला वेळच झाला नाही. होडीत चढताना म्हणाली, आता काय आई, कधीही येता येतं.

त्यानंतर ती आली नाही.

रागावून नव्हे. फोनवर गोड बोलते. पण जे कधीही करता येतं ते आज कशाला करायचं? या शुक्रवारी आरसे धुवायचे असतात, पुढच्या शुक्रवारी कुणाचा निरोपसमारंभ. बत्तीस तास होते तेव्हा न येण्याचा दोष विमानाला देता यायचा. लेक द्यायची, आई द्यायची, आम्ही शेजारीपाजारीही मान हलवून द्यायचो. केवढं लांब, बिचारी कशी येणार. पन्नास मिनिटांना दोष कसा द्यायचा? मधे सोळा हजार किलोमीटर होते, त्यांनी किती झाकून ठेवलं होतं, हे ते गेल्यावर कळलं. पेढे खाल्लेल्यांपैकी कुणीच हेमांगीला आता विचारत नाही, मृण्मयी कधी येणार म्हणून.

आणखी एक गोष्ट बेडकानं केली. सावकाश जाणारी विमानं त्या वाटेवरून बंद पडली. पन्नास मिनिटांत पोचता येत असताना बत्तीस तास बसणार कोण? आता त्या वाटेनं सावकाश जातो तो फक्त माल, माणसं जात नाहीत.

तर हेमांगीनं ठरवलं, आपणच जायचं.

ती पंचांगावर चालणारी. शुक्रवारी आणि रविवारी पश्चिमेला दिशाशूळ असतो, म्हणजे त्या दिवशी त्या दिशेला निघायचं नाही. आणि बेडूक पश्चिमेला उडतो तो नेमका शुक्रवारी आणि रविवारी, लोकांच्या सुट्टीच्या सोयीनं. मी म्हटलं, पृथ्वी गोल आहे, पूर्वेकडून चाललोय असं समज. मास्तर म्हणाले, तसं समजलं तर अंतर चोवीस हजार होतं.

पण आपल्या लोकांनी यावर फार पूर्वी तोडगा काढून ठेवलेला आहे. प्रस्थान ठेवायचं. ज्या दिवशी निघणं चांगलं नाही त्याच्या आदल्या दिवशी, चांगली वेळ बघून, आपल्या सामानातलं एक गाठोडं जायच्या दिशेला असलेल्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायचं. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला. मग देह दुसऱ्या दिवशी सवडीनं गेला तरी चालतं. हेमांगीच्या पश्चिमेला एकच घर आहे, माझं. माझ्यापुढे समुद्र.

गुरुवारी सकाळी ती गाठोडं घेऊन आली. एक निळी साडी, तिच्यात सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ आणि मृण्मयीसाठी कुळथाची पिठी. पश्चिमेच्या खिडकीखालच्या बाकावर तिनं ते ठेवलं, हळद-कुंकू वाहिलं, चहा घेतला. शुक्रवारी दुपारी होडीनं तळावर गेली आणि अंधार पडायच्या आत परत आली.

तळावरच्या डॉक्टरनं तिला चढू दिलं नव्हतं. त्याचंही खोटं नव्हतं. बेडूक हवेला टेकतो तेव्हा माणूस दीडपट जड होतो, रक्त पायांकडे ओढलं जातं. वर उसळतो तेव्हा वजनच उरत नाही, तेच रक्त डोक्याकडे येतं. असे वीस-बावीस टप्पे. हेमांगीच्या हृदयाचा ठेका मुळात अधूनमधून चुकतो. डॉक्टर म्हणाला, औषध देतो, पुढच्या आठवड्यात बघू.

निघालेलं गाठोडं परत उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, ही तिच्या सासूची शिकवण. त्यामुळे ते माझ्याकडेच राहिलं. पुढच्या गुरुवारी ती आली, जुने तांदूळ काढून नवे घातले, पिठी बदलली, गाठ परत बांधली, चहा घेतला. शुक्रवारी गेली, परत आली. असं ते सुरू राहिलं. गुरुवार आला की मी ओसरी झाडून घ्यायचो, कपबशा विसळून ठेवायचो. डॉक्टर नाही म्हणाला की मला वाईट वाटायचं, आणि तिची होडी माघारी येताना दिसली की मी चहाचं आधण ठेवायचो. हे दोन्ही एकाच माणसाच्या पोटात एकाच वेळी मावतं.

गेल्या शुक्रवारच्या आधीचा शुक्रवार. होडी परत आली, पण हेमांगी घरी गेली नाही. सरळ माझ्या ओसरीवर येऊन पायरीवर बसली. डॉक्टरनं सांगितलं होतं, आता परत येऊ नका, औषधानं सुधारण्यातलं हे नाही.

तिनं समुद्राकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "गाठोडा निघालेला आसा, उल्हासभाऊ. ता असा वाटेत कसा ठेवूचा?"

"मी नेतंय," मी म्हटलं.

जन्मभर मी कोल्हापूरच्या पलीकडे गेलेलो नाही. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मी थापा मारतोय का, ते बघत असावी. मग उठली, पदर सारखा केला. म्हणाली, मी मृण्मयीला फोन करून ठेवते, ती तिकडच्या धक्क्यावर येईल. तिचा चेहरा कसा दिसतो ते बघा, आणि ती काय बोलते ते मला येऊन सांगा.

तर परवाच्या शुक्रवारी, सूर्य पाण्याला टेकत असताना, निळं गाठोडं मांडीवर घेऊन उल्हास परब बेडकाच्या पोटात बसला.

आता इथून पुढचं ओसरीवर कसं रंगलं, ते ऐका. मंडळी दाटीवाटीनं बसलेली. चहाचा पहिला कप माझ्या हातात. हेमांगी खांबाला टेकून, तिचाही कप तिच्या हातात.

मी सांगितलं, आधी असं वाटलं की आंबोलीचा अख्खा घाट कुणीतरी छातीवर ठेवला. मग तो एकदम उचलला. गाठोडं मांडीवरून सुटलं आणि माझ्या नाकासमोर तरंगायला लागलं. सुपारीनं आतल्या आत टिचकी मारली ती मला ऐकू आली. शेजारी बसलेल्या एका जाड्या गृहस्थाची चप्पल त्याच्या कानाजवळून गेली, तर त्यानं तिला नमस्कार केला. मग पुन्हा घाट छातीवर. पुन्हा हलका. चौथ्या टप्प्याला मी खिडकीतून पाहिलं, तर सूर्य पाण्यातून वर येत होता. पश्चिमेला.

मास्तरांनी हात वर केला. म्हणाले, परब, बिबट्यापर्यंत ठीक होतं.

मी म्हटलं, मास्तर, गाडी कुडाळकडे चाललीय आणि मी आत मागच्या दाराकडे चालतोय. मी गाडीपेक्षा हळू चाललो, तर झाडं मागेच जाताना दिसणार. पण मी गाडीपेक्षा दहा-बारा पट जोरात मागे पळालो तर? झाडं उलटी जातील की नाही? पृथ्वी आपल्याला घेऊन पूर्वेकडे फिरते, तासाला हजार-दीड हजार किलोमीटर. म्हणून सूर्य पश्चिमेला जाताना दिसतो. बेडूक तिच्या उलट, तिच्याहून कितीतरी जोरात पळतो. मग सूर्यानं काय करायचं?

मास्तरांनी डोळे मिटले. बोटांनी हवेत एक गोल काढला, त्यावर एक बाण काढला, उलटा एक बाण काढला. शेवटी ते म्हणाले, पटतंय, आणि पटतंय याचं मला वाईट वाटतंय. केवढा हशा झाला म्हणून सांगू.

दुसरा कप आला. मी आभाळावर आलो. भर दुपारचा सूर्य डोक्यावर आणि आभाळ काळं. काळं म्हणजे अमावास्येचं नव्हे. तव्याच्या खालच्या बाजूचं. आणि त्यात सूर्य असा, जसा कुणी तव्याला भोक पाडून पलीकडची चूल दाखवावी. खाली आफ्रिका. तिच्या कडेला पांढरी रेघ, म्हणजे लाटा, पण हलत नव्हत्या. एवढ्या उंचीवरून समुद्रसुद्धा थांबलेला दिसतो. मग नुसतं पाणी, पाणीच पाणी, मग डोंगर, आणि डोंगरांपलीकडे तो परत आमच्या समुद्रासारखाच एक समुद्र. घरून संध्याकाळी निघालो, तिथे पोचलो तेव्हा त्याच शुक्रवारची सकाळ होती. सूर्य डोंगरामागून नुकता वर आलेला. एकच शुक्रवार मला दोनदा मिळाला. कुणीतरी म्हणालं, मग दिशाशूळही दोनदा लागला असेल. मी म्हटलं, लागला, पण सकाळी उतरला.

मग मी अंतोफगास्ताच्या धक्क्यावर उतरलो. एकही झाड नाही. डोंगर पोळीसारखे भाजलेले. पाऊस म्हणजे काय, ते तिथल्या माणसाला हातवारे करून सांगावं लागतं. तपासणीला एक कुत्रा होता, घोड्याच्या शिंगरापेक्षा थोडा लहान. त्यानं गाठोडं हुंगलं. कुळथाची पिठी त्याच्या नाकात गेली आणि तो शिंकला. मी ती शिंक करून दाखवली. मंडळींनी परत मागितली, परत दाखवली. अधिकाऱ्यानं चिमूटभर पिठी जिभेवर ठेवली, डोळ्यांत पाणी आणलं आणि आपल्या वरच्या अधिकाऱ्याला बोलावलं. त्यानंही चाखली. माझ्या मागे रांग वाढत चाललेली. शेवटी त्या दोघांना पिठी कशी करायची ते मी खुणांनी शिकवलं, आमसूल कधी घालायचं तेसुद्धा, तेव्हा कुठे त्यांनी मला सोडलं.

मग मृण्मयी आली. गाठोडं घेतलं, म्हणाली, आईला सांगा मी लवकरच येते.

आणि आता पेलिकनचं ऐका, मी म्हटलं. त्या धक्क्यावर पेलिकन नावाचे पक्षी असतात, त्यांच्या चोचीखाली पिशवी असते. आमच्या कंडक्टरच्या पिशवीएवढी, तिच्यासारखीच कातड्याची. त्यांतला एक माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि सुटे पैसे मागितल्यासारखा...

मंडळी पुढे सरकून बसली. मास्तरांचीही हरकत नव्हती. मी हेमांगीकडे बघत नव्हतो. मी त्या पक्ष्याची चाल करून दाखवायला उभा राहिलो होतो.

तिनं कप खाली ठेवला. तो भरलेलाच होता, वर साय धरलेली.

"उल्हासभाऊ," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण सगळी मंडळी तिच्याकडे वळली. "सूर्याक तुमी एक कप च्याय घेतलास. काळ्या आभाळाक दुसरो. कुत्र्याची शिंकसुद्धा दोनदा करून दाखवलास. आणि माझ्या चेडवाक दोन वाक्यां."

मी एक पाय उचललेला तसाच उभा.

"चेडू धक्क्यार इलाच नाय," ती म्हणाली.